आवाज गेल्यानंतरचे अल्लादियाखाँ

रमजानच्या महिन्यात आपल्या गावातले गळे जितके राबतात, तितके वर्षभरात क्वचितच राबत असतील. तरावीहच्या नमाजात हाफिजसाहेब रोज रात्री एक-सव्वा पारा मोठ्याने पढतात, कारण महिना संपायच्या आत तीस पारे पुरे व्हायचे असतात. शिवाय अजान देणारे, नात म्हणणारी कॉलेजातली पोरं, सहेरीला मोहल्ला जागा करणारे. यातले बहुतेक हौशी. दिवसभर दुकान किंवा नोकरी, घशाला पाण्याचा थेंब नाही आणि रात्री तास-दीड तास आवाज लावायचा. विसाव्या रोजापर्यंत निम्म्यांचे घसे बसलेले असतात. हरिनाम सप्ताहातल्या भजनी मंडळींना हे वेगळं सांगायला नको, सातव्या दिवशी त्यांचीही हीच गत असते. म्हणून या पानासाठी मी यंदा अशा एका माणसाचं चरित्र निवडलं आहे, ज्याचा आवाज ऐन उमेदीत गेला आणि पुन्हा पहिल्यासारखा कधीच आला नाही. तरीही हिंदुस्थानी संगीतातलं एक घराणं त्याच्या नावाने ओळखलं जातं.

उस्ताद अल्लादियाखाँ यांचा जन्म 10 ऑगस्ट 1855 रोजी राजस्थानातल्या उनियारा इथे झाला. मूळ नाव गुलाम अहमद. आधीची मुलं जगली नव्हती म्हणून या मुलाला अल्लाने दिलेला, अल्लादिया, म्हणू लागले आणि तेच नाव राहिलं. घराणं मूळचं अलीगढकडच्या अत्रौलीचं, धृपद गाणाऱ्यांचं, डागुर बानीचं. आपले पूर्वज नाथ विश्वंभर नावाचे ब्राह्मण गवई होते आणि पुढे घराणं मुसलमान झालं, ही कथा त्यांच्या घरात अभिमानाने सांगितली जाई. वडील ख्वाजा अहमदखाँ लवकर गेले आणि मुलगा जयपूरला चुलत्यांच्या, जहांगीरखाँच्या, हाताखाली आला. आधी काही वर्षं फक्त धृपद-धमार आणि मग ख्याल, असा तालमीचा क्रम होता.

हा क्रम समजून घेतला पाहिजे. आज आपण हौशी मंडळी पहिल्याच महिन्यात तान मारायला बघतो. धृपदाच्या तालमीत आधी स्वर लांबवायचा असतो. खालच्या सप्तकात, सावकाश, एका श्वासात जेवढा टिकेल तेवढा. आवाजाची बैठक तिथे तयार होते. जयपुरात त्या काळी मुबारकअलीखाँ हे कव्वाल बच्चे परंपरेतले ख्यालिये होते. त्यांच्या पेचदार तानांनी तरुण अल्लादियाखाँना वेड लावलं. धृपदाचा पाया आणि मुबारकअलींच्या तानेचा ध्यास, या दोन्ही गोष्टी आवाज जाण्याच्या आधीच्या आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तरुणपणी त्यांचा आवाज चढा आणि तेजदार होता, गळा हवा तिकडे फिरत होता. अशा गळ्याला नोकरी मिळायला वेळ लागत नसे. एका दरबारातून दुसऱ्या दरबारात जात ते माळव्यातल्या आमलेटा नावाच्या लहानशा जहागिरीत पोचले. तिथले जहागीरदार गाण्याचे भारी शौकीन. खाँसाहेबांना ते तासन्‌तास गायला लावत, आज झालं की उद्या पुन्हा. नोकर गवयाने नाही म्हणायची पद्धत नव्हती. सलग गाऊन गाऊन एक दिवस गळ्याने हार मानली. आवाज बसला तो बसलाच.

आजच्या भाषेत काय झालं असेल? घशातल्या दोन स्वरतंतूंची कड गाताना एकमेकांवर आपटते. पुरुषाच्या साध्या बोलण्यात हे सेकंदाला शंभरएक वेळा होतं, बाईच्या आवाजात दोनशेच्या आसपास, आणि गाताना वरचा षड्ज लावला की त्याहूनही कितीतरी जास्त. नाजूक कातडीला इतका मार बसला की ती सुजते. सुजलेल्या तंतूंवर जोर देऊन पुन्हा गायलं की सूज जिरत नाही, गाठ धरते. खाँसाहेबांच्या गळ्यात नेमकं काय झालं होतं याचं निदान आता कोणी करू नये. पण अतिश्रमाने आवाज जातो आणि विश्रांती न मिळाल्यास तो कायमचा बिघडतो, हे आमलेट्याइतकंच आपल्या मशिदीत आणि देवळातही खरं आहे.

मला या चरित्रात आमलेट्याचा जहागीरदार खलनायक वाटत नाही. त्याला गाणं आवडत होतं, एवढाच त्याचा गुन्हा. पण ऐकणाऱ्याच्या प्रेमाला गाणाऱ्याच्या गळ्याचा हिशेब ठाऊक नसतो. अजून एक नात होऊ द्या, अजून एक अभंग होऊ द्या, असा आग्रह करणारे आपण सगळे थोडेफार आमलेटेवालेच.

त्यानंतरचा काळ, दोनएक वर्षांचा म्हणतात, गवयासाठी मरणासारखा गेला असणार. घरच्यांचं पोट त्या गळ्यावर होतं. आवाज हळूहळू परतला, पण दुसराच आवाज परतला. त्यात जुनं तेज नव्हतं, चढी धार नव्हती. आता दोन वाटा होत्या. जुन्या आवाजाचा पाठलाग करत उरलेला गळाही घालवायचा, किंवा जो गळा हातात आहे त्याला झेपेल असं गाणं उभं करायचं. खाँसाहेबांनी दुसरी वाट धरली. ज्याला आज जयपूर-अत्रौली गायकी म्हणतात, तिचा घाट या अडचणीत पडला.

ही गायकी म्हणजे आवाजाच्या मर्यादेतून निघालेली तडजोड, असं काही जाणकार म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. धृपदाची गमक आणि मुबारकअलींच्या तानेचा पेच त्यांच्याकडे आधीच होता. आवाज गेला म्हणून त्यांना त्यातून निवड करावी लागली, एवढं खरं. निवडलं काय ते पाहा. आकार खुला, तोंड उघडं, आवाज दाबून किंवा नाकात घेऊन नाही. लय मध्यम, म्हणजे अतिविलंबितात स्वर ताणत बसण्याची सक्ती नाही. तान सरळ धावणारी नाही. ती वळसे घेत, एका मात्रेवरून दुसऱ्या मात्रेवर पाय ठेवत समेपर्यंत येते. सरगमचा सोस नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचा दमसास. एक वाक्य एका श्वासात पुरं करायचं. श्वास घ्यायचा तो वाक्य संपल्यावर, ऐकणाऱ्याला न कळता.

दमसासाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण हौशी गळे इथेच मार खातात. श्वास वर छातीत, खांदे उचलून घेतला की मान आवळते आणि हवा पटकन संपते. मग उरलेलं वाक्य घसा पिळून पुरं केलं जातं. घसा बसण्याची सुरुवात तिथून होते. श्वास खाली, पोट आणि बरगड्या फुलतील असा घेतला आणि बेताने सोडला, तर घशावर जोर येत नाही. कुरआन पढण्याच्या शास्त्रातही कुठे थांबायचं, म्हणजे वक्फ, याचे नियम असतात. ते अर्थासाठी आहेतच, पण चांगला कारी त्याच जागांवर आपला श्वासही सांभाळतो. जुने कारी आणि जुने गवई या बाबतीत एकमेकांना लगेच ओळखतील.

1895च्या सुमारास खाँसाहेब कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारी आले आणि महाराज 1922 साली जाईपर्यंत तिथेच राहिले. राजस्थानातल्या मुसलमान गवयाचं मराठी मुलखाशी नातं जुळलं ते इथे. धाकटे भाऊ हैदरखाँ सोबत होते. मुलगे मंजीखाँ आणि भुर्जीखाँ गवई झाले, आणि भुर्जीखाँ तर अंबाबाईच्या देवळात गायनसेवा करत. त्या काळच्या कोल्हापुरात यात कोणाला विशेष काही वाटत नसे. आज ते विशेष म्हणून सांगावं लागतं, याचंच मला वाईट वाटतं. भास्करबुवा बखले त्यांच्याकडे शिकले. गोविंदराव टेंबे त्यांच्या सहवासात राहिले आणि पुढे त्यांनी खाँसाहेबांचं चरित्र मराठीत लिहिलं.

तिथून मुंबई. 1921च्या पहिल्या दिवशी केसरबाई केरकरांचं गंडाबंधन झालं आणि त्यांची तालीम खाँसाहेबांच्या अखेरपर्यंत, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षं चालली. याच काळात एकदा खाँसाहेब औषधोपचारासाठी सांगलीला राहिले होते. मोगूबाई कुर्डीकरही तेव्हा सांगलीत होत्या. येता-जाता त्यांचा रियाज कानावर पडला, खाँसाहेब घरात येऊन बसले, ऐकलं आणि शिकवायला लागले. पुढे मोगूबाईंच्या तालमीत बरेच अडथळे आले. गुरुबंधू-भगिनींचे हेवेदावे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, तो इथे नको.

केसरबाई आणि मोगूबाई, दोघींचे आवाज एकमेकींपासून वेगळे. पण दोघींचा आकार खुला, आणि दोघीही उतारवयापर्यंत गात्या राहिल्या. केसरबाईंना तर मायक्रोफोनचं वावडं होतं. ज्याचा स्वतःचा आवाज मोडला होता, त्या गुरूने शिष्यांचे आवाज न मोडता घडवले. स्वतःचा जुना चढा आवाज त्याने त्यांच्या गळ्यात बसवू पाहिला नाही. हौशी गायकाने यातून एकच गोष्ट उचलली तरी पुष्कळ झालं. आपली पट्टी आपली असते. लता मंगेशकरांची किंवा महंमद रफींची ध्वनिमुद्रिका ज्या पट्टीत आहे त्याच पट्टीत गायचा हट्ट हे आपल्याकडच्या घोगऱ्या गळ्यांचं मोठं कारण आहे. कराओकेचं यंत्र पट्टी बदलून देतं, ते बटण दाबायला लाज कसली?

या घराण्यात आवाज जाण्याची गोष्ट पुन्हा एकदा घडली. मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर यांचा आवाज पंचविशीत गेला. आयुर्वेदिक उपचारांनी तो परत आला, पण मधली दोनेक वर्षं त्या गाऊ शकत नव्हत्या. त्या मूकपणात त्यांनी गाण्याचा विचार केला, आणि नंतरचं त्यांचं गाणं आईच्या गाण्यापेक्षा वेगळं निघालं. ज्यांनी अल्लादियाखाँची हकीकत ऐकली आहे, त्यांना किशोरीताईंचं ते थांबणं परकं वाटू नये.

आता रोजेदारांसाठी थोडं व्यवहाराचं. पाणी, मध, खडीसाखर, ज्येष्ठमध यांतलं काहीच स्वरतंतूंपर्यंत थेट पोचत नाही. गिळलेलं सगळं अन्ननलिकेत जातं, आणि ते श्वासनलिकेत गेलं तर ठसका लागतो. तंतू ओले राहतात ते शरीरात पाणी असल्यामुळे. म्हणून इफ्तारनंतर एकदम सरबताचे तीन पेले रिचवण्यापेक्षा इफ्तार ते सहेरी थोडं थोडं साधं पाणी पीत राहावं. साध्या पाण्याची वाफ मात्र थेट पोचते. भजी-समोसे खाऊन लगेच आणि सहेरी करून लगेच आडवं होऊ नये, पोटातलं आम्ल वर येऊन घसा जाळतं. सारखं खाकरणं वाईट. आवाज बसल्यावर कुजबुजत बोलणं म्हणजे विश्रांती, हा गैरसमज आहे. कुजबुजतानाही घसा ताणलाच जातो, त्यापेक्षा गप्प बसावं. आणि तीन आठवडे आवाज घोगराच राहिला, तर काढे पुरे करून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना गळा दाखवावा. तरावीहसाठी दोन हाफिज आळीपाळीने ठेवण्याची सोय पुष्कळ मशिदींत असते. जिथे नसेल तिथल्या जमातीने तिचा विचार करायला हरकत नाही.

शेवटची वर्षं खाँसाहेबांची मुंबईत गेली. 1937 साली मंजीखाँ गेले. हा घाव मोठा होता, कारण घराण्याची पुढची आशा त्यांच्यावर होती. म्हातारपणी खाँसाहेबांनी आपलं आयुष्य नातू अजीजुद्दीनखाँ यांना उर्दूत सांगून लिहवलं. 16 मार्च 1946 रोजी, नव्वदी ओलांडल्यावर, ते मुंबईत वारले.

त्यांनी स्वतःचा आवाज कधीही ध्वनिमुद्रित होऊ दिला नाही. त्यांचं गाणं ऐकायचं तर शिष्यांकडेच जावं लागतं. केसरबाईंची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेली, हे पुष्कळांना ठाऊक असेल. पण त्यांची आणि मोगूबाईंची इतर ध्वनिमुद्रणंही सहज मिळतात. एखाद्या रात्री तरावीहनंतर किंवा भजनानंतर ती लावा. राग ओळखता नाही आला तरी चालेल. गाणारी श्वास कुठे घेते, तेवढं शोधून पाहा.