जोडे शिवणारा घटनाकार : रॉजर शर्मन

अमेरिकेच्या उभारणीचा विषय निघाला की वॉशिंग्टन व जेफर्सन यांची नावे तुम्हांला चटकन आठवतात. परंतु १७७४ चा ब्रिटिश मालावरील बहिष्काराचा करार, १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, त्यानंतरचा राज्यसंघाचा करार आणि १७८७ ची राज्यघटना या चारही दस्तऐवजांवर सही करणारा पुरुष एकच. तो म्हणजे रॉजर शर्मन!

त्यांचा जन्म १७२१ साली मॅसॅच्युसेट्समधील न्यूटन येथे झाला. वडील शेती करीत व जोडे शिवीत. रॉजर यांनीही तोच धंदा उचलला. शालेय शिक्षण बेताचेच झाले. पण समोर पुस्तक उघडे ठेवून ते आरी-रापी चालवीत, असे सांगतात. १७४१ मध्ये वडील वारले आणि तरुणपणीच संसाराचा भार अंगावर आला. दोन वर्षांनी ते कनेक्टिकटमध्ये गेले. स्वतः गणित शिकून सरकारी भूमापक झाले, पंचांगे छापली, आणि कोणत्याही विधिमहाविद्यालयाची पायरी न चढता १७५४ मध्ये वकिलीची सनद मिळविली. पुढे ते विधिमंडळाचे सभासद व न्यायाधीश झाले. ज्यांना कॉलेज पाहावयास मिळाले नाही, तेच येल कॉलेजचे खजिनदार झाले!

त्यांची खरी कसोटी १७८७ साली फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेत लागली. मोठ्या राज्यांना लोकसंख्येप्रमाणे जागा हव्या होत्या, लहान राज्यांना समान हक्क. परिषद मोडते की काय, अशी वेळ आली. शर्मन यांनी मार्ग सुचविला : एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे प्रतिनिधी असावेत, दुसऱ्यात प्रत्येक राज्याला समान मत असावे. ११ जूनला ही सूचना फेटाळली गेली. सहासष्ट वर्षांचे शर्मन रागावून घरी गेले नाहीत. ते बोलत राहिले, समजावीत राहिले. अखेर १६ जुलैला पाच विरुद्ध चार राज्यांच्या मतांनी तडजोड मंजूर झाली.

त्या घटनेने गुलामगिरी मात्र कायम ठेवली, हा तिच्यावरील डाग विसरून चालणार नाही. तरी कनेक्टिकटचे कायदे सुधारण्याचे काम ज्या दोघांकडे होते त्यांपैकी एक शर्मनच. त्याच कायद्यांतून १७८४ मध्ये तेथे गुलामगिरी क्रमाक्रमाने संपविण्याची तरतूद झाली.

नव्या संसदेच्या दोन्ही सभागृहांत काम करून २३ जुलै १७९३ रोजी ते निवर्तले.

पालकहो, घरची ओढाताण पाहून मुलाला कामाला लावावे लागले, तर त्याच्या हातचे पुस्तक तेवढे काढून घेऊ नका. आणि मुलांनो, आपले म्हणणे एकदा नाकारले गेले म्हणून सभेतून उठू नका.