आष्टीत सुटका, काशीत अखेर : छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादी का गमवावी लागली?

वैराग : मोहोळ तालुक्यातलं आष्टी गाव आज तलावासाठी ओळखलं जातं. याच आष्टीजवळ २० फेब्रुवारी १८१८ रोजी पेशव्यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीचं सैन्य समोरासमोर आलं. सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडले, दुसरे बाजीराव निसटले. मात्र त्यांच्यासोबत असलेले साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह, त्यांच्या मातोश्री आणि भाऊ इंग्रजांच्या हाती लागले. पुढे याच महाराजांचा शेवट हद्दपारीत, काशीत झाला. असं का घडलं? समजून घेऊया.

छत्रपती पेशव्यांच्या छावणीत का होते?

प्रतापसिंहांचा जन्म १७९३ चा. वडील धाकटे शाहू महाराज यांच्या निधनानंतर १८०८ मध्ये ते गादीवर आले. पण कारभार पेशव्यांकडे होता आणि छत्रपतींचं कुटुंब साताऱ्यात नजरकैदेत होतं. १८१७ च्या अखेरीस युद्ध पेटलं, तेव्हा बाजीरावांनी त्यांना आधी वासोटा किल्ल्यावर ठेवलं आणि नंतर सोबत घेतलं. कारण स्पष्ट होतं. छत्रपती ज्याच्या बाजूला, त्याच्या हुकमाला सरदारांमध्ये वजन. हे इंग्रजांनाही माहीत होतं. त्यामुळे २५ वर्षांच्या महाराजांसाठी आष्टीची लढाई एका अर्थाने सुटका ठरली.

गादी मिळाली, पण अट काय होती?

एप्रिल १८१८ मध्ये कंपनीने त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह झाला. उत्तरेला नीरा-भीमा, दक्षिणेला कृष्णा-वारणा, पश्चिमेला सह्याद्री आणि पूर्वेला पंढरपूर-विजापूरचा मुलूख, असं हे राज्य होतं. म्हणजे आजच्या सोलापूर जिल्ह्यातलं पंढरपूर तेव्हा सातारच्या राज्यात होतं. त्यातली एक अट मोठी होती. कंपनीला न विचारता बाहेरच्या कोणत्याही सत्तेशी पत्रव्यवहार करायचा नाही. सुरुवातीला कारभार ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली होता. १८२२ मध्ये तो महाराजांच्या हाती आला.

राजा म्हणून त्यांनी काय केलं?

साताऱ्यात पाणीपुरवठा, रस्ते, शाळा आणि नवा राजवाडा ही कामं त्यांच्या काळात झाली. ते स्वतःची रोजनिशी ठेवत. १८२९ मध्ये त्यांनी महाबळेश्वरची जागा कंपनीला दिली आणि तिथे माल्कमपेठ वसली. १८३५ मध्ये तर लंडनमधल्या कंपनीच्या संचालकांनी त्यांच्या कारभाराची दखल घेत मानाची तलवार देण्याचं ठरवलं.

मग बिनसलं कुठे?

वाद जहागिरींचा होता. अक्कलकोट, फलटण, औंध यांसारख्या जहागिरींवर अखेरचा हक्क कोणाचा, यावरून महाराज आणि मुंबई सरकार यांच्यात तणाव वाढला. महाराजांनी दाद लंडनकडे मागितली. याच काळात त्यांच्यावर तीन आरोप झाले : कंपनीच्या पलटणीतल्या देशी अधिकाऱ्यांना फितवणं, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधणं आणि नागपूरचे पदच्युत राजे आप्पासाहेब भोसले यांच्याशी पत्रव्यवहार करणं. आरोप खरे ठरले तर तहाचा भंग होणार होता. महाराजांनी ते नाकारले आणि उघड चौकशीची मागणी केली.

एका सहीवर सगळं अडलं

ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर जेम्स कार्नॅक साताऱ्यात आले. चूक कबूल करणाऱ्या कागदावर सही करा, गादी कायम राहील, असा प्रस्ताव होता. महाराजांनी सही केली नाही. सप्टेंबरमध्ये त्यांना पदच्युत केलं गेलं. आधी साताऱ्याजवळच्या लिंब गावी आणि तिथून कुटुंबासह काशीला त्यांची रवानगी झाली. त्यांचे आप्त बाळासाहेब सेनापती यांचा या प्रवासातच मृत्यू झाला. गादीवर धाकटे भाऊ शहाजी उर्फ आप्पासाहेब यांना बसवण्यात आलं.

लंडनमधली लढाई

महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. कंपनीच्या भागधारकांच्या सभांमध्ये त्यांनी बाजू मांडली आणि जोसेफ ह्यूम यांच्यासारखे खासदारही महाराजांच्या बाजूने बोलले. रंगो बापूजी सुमारे १४ वर्षं तिथे झगडले, पण निर्णय बदलला नाही. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी महाराजांचं काशीत निधन झालं. त्यांनी दत्तक घेतलेल्या मुलाचा गादीवरचा हक्क कंपनीने मानला नाही.

सही न करून नुकसान झालं का?

याचं उत्तर पुढच्या वर्षीच मिळालं. एप्रिल १८४८ मध्ये शहाजी महाराजही वारले. कंपनीशी त्यांचं काहीच वैर नव्हतं. त्यांनीही दत्तक घेतला होता, तरी लॉर्ड डलहौसीने तो नामंजूर करून राज्य खालसा केलं. दत्तक वारस नाकारून डलहौसीने खालसा केलेलं हे पहिलं राज्य. पुढे झाशी आणि नागपूरचंही तेच झालं. म्हणजे ज्यांनी मान तुकवली नाही त्यांची गादी गेली आणि ज्यांनी जुळवून घेतलं त्यांच्या वारसाचीही राहिली नाही.

साताऱ्यातल्या जुन्या राजवाड्यात पुढे सरकारी शाळा भरू लागली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचं नाव याच शाळेत दाखल झालं. त्या शाळेला आज नाव आहे ते प्रतापसिंह महाराजांचं.