रूमी खान (तोफ ओतणारा)

रूमी खान (मूळ नाव: मुहम्मद बिन हुसेन रूमी) हा १६व्या शतकातील अहमदनगरच्या निजामशाहीतील तोफखान्याचा अधिकारी आणि धातूच्या ओतकामाचा जाणकार होता. इ.स. १५४९ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे त्याने ओतलेली मलिक-ए-मैदान ही तोफ महाराष्ट्रात मुलुखमैदान या नावाने प्रसिद्ध आहे. इ.स. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत निजामशाही तोफखान्याचे नेतृत्व करणारा चलबी रूमी खान तो हाच, असे सामान्यतः मानले जाते.

== नाव आणि पार्श्वभूमी ==
त्या काळी ऑटोमन तुर्कांच्या प्रदेशाला रूम आणि तेथून आलेल्या माणसाला रूमी म्हणत. तोफा ओतणे व डागणे या कामांत तुर्कांचा हात धरणारे थोडे असल्याने दख्खन आणि गुजरातच्या दरबारांत त्यांना मोठी मागणी होती. रूमी खान ही अशा माणसांना दिली जाणारी पदवी असल्याने या नावाच्या अनेक व्यक्ती इतिहासात आढळतात. गुजरातच्या बहादूरशहाला सोडून हुमायूनला मिळालेला रूमी खान हा त्यांपैकीच एक. त्याचा अहमदनगरच्या रूमी खानाशी संबंध नाही.

अहमदनगरच्या या कारागिराची ओळख पटते ती मुख्यतः त्याच्या तोफेवरील फारसी लेखावरून. त्या लेखात निजामशहाचे नाव, पैगंबराच्या घराण्याविषयीची निष्ठा, हिजरी सन ९५६ आणि तोफ घडवणारा म्हणून मुहम्मद बिन हुसेन रूमी याचे नाव कोरलेले आहे. त्या वेळी पहिला बुऱ्हाण निजामशहा गादीवर होता आणि त्याने शिया पंथ स्वीकारलेला होता.

== मलिक-ए-मैदान आणि नळीची लांबी ==
ही तोफ कांस्याची, एकसंध ओतीव आहे. तिची लांबी सुमारे १४ फूट, बाहेरील व्यास सुमारे ५ फूट, नळीचा आतील व्यास सुमारे २ फूट ४ इंच आणि वजन अंदाजे ५५ टन आहे. तोंडाला जबडा पसरलेल्या श्वापदाचा आकार दिला असून त्याच्या दाढांखाली हत्ती चिरडला जात आहे.

आकाराने अवाढव्य असली, तरी तोफांच्या हिशेबात ही तोफ आखूडच म्हणावी लागते. नळीची लांबी आतील व्यासाच्या जेमतेम सहापट आहे. नळी लांब असेल, तर दारूच्या वायूचा रेटा गोळ्याला अधिक काळ मिळतो आणि त्याचा वेग वाढतो. मात्र त्याबरोबर वजन वाढते आणि हलवणे व भरणे अवघड होते. पुढे पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरपर्यंत प्रत्येक शस्त्रकाराला हीच तडजोड करावी लागली. एवढ्या रुंद तोंडाची नळी दुप्पट लांब केली असती, तर तोफेचे वजन शंभर टनांच्या घरात गेले असते. तेवढा रस एका वेळी वितळवून एकाच साच्यात ओतणे अशक्यप्राय होते. शिवाय या तोंडात मावणारा दगडी गोळा सुमारे अर्ध्या टनाचा होतो. अशा गोळ्याचा मारा वेगापेक्षा वजनावर अवलंबून असतो आणि दारूचा धक्का फार जोराचा झाल्यास दगड नळीतच फुटण्याचा धोका असतो. जवळच्या अंतरावर धातूचे तुकडे भरून मारा करायचा असेल, तर लांब नळीपेक्षा रुंद तोंडच अधिक कामाचे.

ही घडण तुर्की परंपरेतील आहे. मुनीर अली याने इ.स. १४६४ मध्ये ओतलेल्या ऑटोमन तोफेच्या तोंडाचा व्यास सुमारे ६३ सेंटिमीटर होता आणि तीही व्यासाच्या मानाने आखूडच होती; मात्र ती दोन भागांत ओतून आट्यांनी जोडलेली होती. याउलट विजापूरच्या उपळी बुरुजावरील तोफ लोखंडी पट्ट्यांवर कडी चढवून बांगडी पद्धतीने घडवलेली आहे. तिची लांबी सुमारे ३० फूट आणि आतील व्यास सुमारे एक फूट, म्हणजे प्रमाण तीसपट. ती दूरच्या माऱ्यासाठी होती. बुरुजावर कायमची बसवायची असल्याने तिच्या लांबीची अडचण नव्हती. आज दोन्ही तोफा विजापुरातच असल्याने हा फरक प्रत्यक्ष पाहता येतो.

== तालिकोटची लढाई ==
इतिहासकार फरिश्ता याच्या वर्णनानुसार, जानेवारी १५६५ मध्ये हुसेन निजामशहाच्या आघाडीवर चलबी रूमी खानाने सहाशे तोफा तीन रांगांत मांडल्या होत्या: पुढे जड, मध्ये मध्यम आणि मागे हलक्या, प्रत्येक रांगेत दोनशे. त्यांच्यापुढे दोन हजार तिरंदाज उभे करून तोफा झाकल्या होत्या. विजयनगरचे सैन्य जवळ येताच तिरंदाज मागे सरले आणि तोफा सुरू झाल्या. पुढच्या चढाईच्या वेळी रूमी खानाने गोळ्यांऐवजी तांब्याचे पैसे भरले आणि शत्रू अगदी तोंडाशी आल्यावर बार उडवला. पाच हजारांवर माणसे त्यात पडल्याचे फरिश्ता सांगतो. हा आकडा जसाच्या तसा घेण्याचे कारण नाही, परंतु त्यानंतर विजयनगरची फळी फुटली.

मुलुखमैदान तोफ या लढाईत होती, अशी परंपरा आहे. मात्र ५५ टनांची तोफ नगरहून कृष्णाकाठापर्यंत नेण्यास काय लागले असते, याचा विचार करता ही गोष्ट सावधपणे घ्यावी लागते.

== नंतरचा इतिहास ==
नगर शहरातील मक्का मशीद रूमी खानाने बांधली असे सांगतात. मुलुखमैदानचा साचा त्याच्या थडग्याच्या आवारात पडून असल्याची नोंद १९व्या शतकातील इंग्रज लेखकांनी केली आहे.

तोफ पुढे परांडा किल्ल्यावर होती. इ.स. १६३२ मध्ये मुरार जगदेव याने ती विजापूरला नेली; त्यासाठी चारशे बैल आणि दहा हत्ती लागल्याचे म्हणतात. विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने तिच्यावर आपल्या विजयाचा लेख कोरवला. इ.स. १८५४ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी निरुपयोगी सामान म्हणून तिचा लिलाव केला, तेव्हा बोली १५० रुपयांवर थांबली. नंतर ही विक्री रद्द झाली आणि तोफ शेर्झा बुरुजावर राहिली. मराठीत धडाडीच्या वक्त्याला मुलुखमैदान तोफ म्हणतात, ते हिच्यावरूनच.