बाळू पालवणकर : हिंदू संघाचा हुकमी गोलंदाज

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत झालेल्या सामन्याच्या अखेरच्या डावात मुंबई इलाख्याच्या युरोपियन संघापुढे विजयासाठी २१२ धावांचे उद्दिष्ट होते. हा संघ १०२ धावांत गारद झाला आणि राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हिंदू संघाने १०९ धावांनी धूळ चारली. दोन्ही डावांत मिळून आठ बळी टिपणारा डावखुरा फिरकी गोलंदाज होता बाळू बाबाजी पालवणकर. संघातल्या इतरांनी धावा जमवायच्या, झेल पकडायचे, दुसरे टोक धरून ठेवायचे आणि बळी मात्र बाळूने मिळवायचे, अशी त्या संघाच्या आक्रमणाची रचना होती. ज्या गोलंदाजाभोवती ही रचना उभी राहिली, त्याला संघात प्रवेश कसा मिळाला, ही कथा त्या विजयाहून मोठी आहे.

सावंतवाडी-मालवणापासून दापोली-चिपळूणपर्यंतच्या कोकणपट्टीतील असंख्य कुटुंबांनी चाकरीसाठी लष्कराची वाट धरली. पालवणकर हे त्यांपैकीच एक चर्मकार कुटुंब. आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून पडलेले. बाळूचा जन्म मात्र १८७६ मध्ये धारवाडला झाला. वडिलांच्या लष्करातील नोकरीमुळे बालपण पुण्यात गेले. तेथे पारशी क्रिकेट क्लबमध्ये मैदान राखण्याचे काम दरमहा तीन रुपयांवर मिळाले. १८९२ च्या सुमारास युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये चार रुपयांची नोकरी लागली. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी उभारायची, रेषा आखायच्या आणि साहेबांच्या सरावासाठी चेंडू टाकायचे, असे कामाचे स्वरूप होते.

कॅप्टन जे. जी. ग्रेग हा त्या क्लबचा गाजलेला फलंदाज. तो इतरांच्या आधी मैदानावर येऊन बाळूच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करी. आपल्याला बाद केल्यास प्रत्येक वेळी आठ आणे देण्याचा त्याचा प्रघात होता, अशी आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी नसली तरी त्या जाळीत घडलेले शिक्षण खरे होते. एका उत्तम फलंदाजाला रोज चेंडू टाकता टाकता बाळूने टप्प्यावरची हुकमत, वेगातील फरक आणि दोन्ही बाजूंना चेंडू वळविण्याची कला आत्मसात केली. फलंदाजीची संधी मात्र त्या जाळीत त्याला कोणी दिली नाही. एकाच कामात पारंगत झालेला हा खेळाडू असा परिस्थितीनेच घडविला.

पुण्यातील हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते आणि ते करू शकणारा गोलंदाज युरोपियनांच्याच मैदानावर रोलर ओढत होता. त्याला संघात घेण्यावरून वाद झाला. तेलुगू सभासद अनुकूल होते, तर काही ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. अखेर विजयाची निकड वरचढ ठरली. मैदानावर सारे जण बाळूने हाताळलेला चेंडू झेलत. तो चेंडूही चामड्याचाच, हा विरोधाभास कोणाच्या ध्यानात आला होता की नाही, कोण जाणे! चहापानाची वेळ झाली की बाळूला तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणाचे पान वेगळे मांडले जाई.

साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याने त्याचा धसका घेऊन खेळपट्टीवर काही दिवस रोलर फिरविला, फिरकी बोथट व्हावी म्हणून. तरीही बाळूने सात बळी घेऊन सामना जिंकून दिला. पुण्यात त्याचा सत्कार झाला. न्यायमूर्ती रानडे यांनी मैदानावर चालणारी समता पंगतीत का चालत नाही, असा प्रश्न सहकाऱ्यांपुढे ठेवला आणि लोकमान्य टिळकांनीही बाळूचा गौरव केला. पुढे मुंबईच्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात आल्यावर शिवाशिवीचे निर्बंध बरेच सैल झाले.

डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा मुख्य चेंडू उजव्या फलंदाजापासून बाहेर जातो. त्याला साथ हवी ती स्लिपमधल्या चपळ हातांची आणि यष्टींलगत उभ्या राहणाऱ्या यष्टिरक्षकाची. मद्रासचा यष्टिरक्षक शेषाचारी हिंदू संघात होता, हे बाळूचे भाग्य. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावरील अखिल भारतीय संघात दोघेही होते. हा संघ मात्र त्यांच्याभोवती नीट बांधला गेलाच नाही. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग मोजकेच सामने खेळले आणि त्यांच्याबरोबर उत्तम फलंदाज के. एम. मिस्त्री हेही संघाला अंतरले. चौदा प्रथम श्रेणी सामन्यांपैकी दहा गमावले, केवळ दोन जिंकले. अशा पडक्या संघातही पस्तिशीतल्या बाळूने सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले; केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ, तर लेस्टरशायरविरुद्धच्या विजयात अकरा. त्याच दौऱ्यात सॉमरसेटविरुद्ध त्याचा धाकटा भाऊ शिवराम याने शतक ठोकले.

बळी घेण्याची जबाबदारी देणाऱ्या निवड समितीने नेतृत्व मात्र दिले नाही. १९१० नंतरच्या दशकात बाळूचे नाव कर्णधारपदासाठी वारंवार पुढे आले आणि प्रत्येक वेळी बाजूला पडले. १९२० मध्ये तर त्याला संघातूनच वगळण्यात आले आणि दि. ब. देवधर यांची कर्णधारपदी निवड झाली. ज्येष्ठता डावलली गेल्याने शिवराम आणि विठ्ठल या भावांनी जाहीरपणे माघार घेतली. गदारोळ उठला. अंतिम सामन्यासाठी तिघेही परतले. बाळू उपकर्णधार झाला आणि कर्णधार एम. डी. पै यांनी काही काळ मैदान सोडून सूत्रे त्याच्या हाती दिली. खेळाडूंना जे कळत होते, ते निवडकर्त्यांना उमगायला आणखी तीन वर्षे गेली. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर कर्णधार झाला आणि हिंदूंनी युरोपियनांचा पराभव केला.

बाळूच्या पराक्रमाचा अभिमान तरुण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही होता. राजकारणात मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. स्वतंत्र मतदारसंघांना विरोध करणाऱ्यांत बाळू होते आणि १९३२ च्या पुणे करारावर त्यांचीही स्वाक्षरी आहे. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५, तर बाळूंना ११,२२५ मते मिळाली. पंगतीबाहेर बसविलेल्या गोलंदाजाला पुन्हा एकदा दुसऱ्याच्या डावपेचासाठी मैदानात उतरविले गेले, असे म्हटल्यास ते सर्वस्वी चूक ठरणार नाही. परंतु मतभेद त्यांचे स्वतःचे होते, हेही नोंदवायला हवे.

भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये लॉर्ड्सवर झाला, तेव्हा बाळू छप्पन्न वर्षांचे होते. ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी, सरासरी अवघी १५.२१, एवढी त्यांची नोंद अभिलेखात राहिली. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.