शिल्लक कोणाची? : नामदार गोखले

बजेट म्हटलं की आपण लगेच चॅनेल बदलतो. काय स्वस्त झालं, काय महाग झालं एवढं बघायचं आणि मेसकडे पळायचं! पण शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने याच रुक्ष आकड्यांत गरिबाचं पोट पाहिलं. ते म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले.

९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी त्यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले. थोरल्या भावाने शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये गोपाळच्या शिक्षणासाठी पाठवले. पैशाची किंमत त्यांना तिथेच कळली असणार! १८८४ साली बी.ए. होऊन ते पुण्यात शिक्षक झाले. त्यांचं अंकगणिताचं पुस्तक शाळाशाळांतून चाललं. न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना सरकारी अहवाल वाचायला शिकवलं. १८९७ मध्ये लंडनला वेल्बी कमिशनपुढे त्यांनी हिंदुस्थानच्या खर्चाबद्दल साक्ष दिली.

खरी परीक्षा झाली १९०२ साली, कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात. सरकारने सुमारे सात कोटींची शिल्लक दाखवली होती. सगळे सभासद अभिनंदन करत होते. गोखल्यांनी मात्र अभिनंदन करायला नकार दिला. का? कारण देश नुकताच दुष्काळ आणि प्लेगमधून जात होता. आपला सोलापूर जिल्हाही त्या दुष्काळपट्ट्यातलाच. मग शिल्लक आली कुठून? रुपया स्वस्त होता तेव्हा इंग्लंडला पौंडात पैसे पाठवणं जड जाई, म्हणून कर वाढवले. पुढे रुपया सोळा पेन्सवर स्थिर झाला, ओझं हलकं झालं, पण कर तसेच राहिले. म्हणजे ती शिल्लक भरभराटीची नव्हती, लोकांकडून जास्त घेतलेल्या पैशांची होती!

दरवर्षी ते हेच मांडत राहिले. मिठावरचा कर मणाला अडीच रुपये होता. तो १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. १९०३ मध्येच प्राप्तिकराची मर्यादा वर्षाला पाचशेवरून हजार रुपये झाली. देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर होता. १८७७ मध्ये सुरू झालेल्या आपल्या जुन्या मिलसारख्या गिरण्यांना तो द्यावा लागे. त्यालाही गोखल्यांनी विरोध केला. तो कर मात्र १९२६ मध्ये, त्यांच्या पश्चात रद्द झाला.

फक्त कर कमी करा एवढंच ते म्हणत नव्हते. पैसा शाळांवर खर्च करा, असा त्यांचा आग्रह होता. १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल आणलं. १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी ते गेले. मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा लागू व्हायला २०१० साल उजाडलं!

आपण अजून टॅक्स कुठे भरतो, असं काहींना वाटेल. पण साबणापासून मोबाईलच्या रिचार्जपर्यंत प्रत्येक बिलात आपण सरकारला पैसे देतोच. मेसच्या बिलात दहा रुपये जास्त लागले तर आपण सेक्रेटरीला गाठतो ना? मग महापालिकेच्या आणि राज्याच्या बजेटबद्दल गप्प का? गोखल्यांकडे ना सत्ता होती, ना बहुमत. होता फक्त अभ्यास. आकडेमोड तर आपल्यालाही येते. ती इथे वापरायला काय हरकत आहे?