टेरी फॉक्सची अपुरी दौड

कॅनडा देशाच्या पूर्व टोकास सेंट जॉन्स नावाचे बंदर आहे. तेथे १२ एप्रिल १९८० रोजी एकवीस वर्षांच्या एका तरुणाने आपला कृत्रिम पाय अटलांटिक महासागराच्या पाण्यात बुडविला आणि तो पश्चिमेच्या वाटेने धावू लागला. रोज सुमारे २६ मैल धावत पॅसिफिक महासागर गाठावयाचा व वाटेत कर्करोगाच्या संशोधनासाठी वर्गणी गोळा करावयाची, असा त्याचा संकल्प होता.

टेरी फॉक्सचा जन्म २८ जुलै १९५८ रोजी विनिपेग शहरी झाला. शाळेत त्यास बास्केटबॉलचे वेड फार; पण खेळ यथातथाच. शिक्षकांनी धावण्याचा सराव सुचविला. टेरीने तोही केला आणि बास्केटबॉलही सोडला नाही. १९७७ साली त्याच्या उजव्या पायाच्या हाडास कर्करोग झाल्याचे आढळले व गुडघ्याच्या सहा इंच वरून तो पाय कापावा लागला. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री, कृत्रिम पायाने न्यूयॉर्कची मॅरेथॉन पुरी करणाऱ्या एका गृहस्थाची हकीकत त्याच्या वाचनात आली. पुढे सोळा महिने औषधोपचार चालले. त्या काळात सोबतच्या रुग्णांचे हाल त्याने पाहिले, ते त्याच्या मनातून कधी गेले नाहीत.

चौदा महिने त्याने सराव केला. एवढा लांबचा बेत आहे हे घरच्यांना प्रथम सांगितलेही नव्हते. १९७९ साली तो १७ मैलांच्या एका शर्यतीत उतरला व सर्वांच्या मागून शेवटचा आला; परंतु शर्यत त्याने पुरी केली.

मोठ्या दौडीच्या आरंभीच वादळ, पाऊस व हिम ह्यांनी त्यास गाठले. धड पायावर दोन उड्या व कृत्रिम पायावर एक, अशी त्याची चाल होती. तोडलेल्या मांडीस फोड येत, रक्त वाहे. मोटारगाडी घेऊन मागे येणारा त्याचा शाळासोबती डग ऑलवर्ड, त्याच्याशीही खटके उडू लागले. महिनोगणती एका लहानशा गाडीत राहावयाचे म्हणजे जिवलग मित्रांनाही ते जडच जाते! शेवटी आईवडिलांनी येऊन समेट केला. पुढे धाकटा भाऊ डॅरेलही सोबतीस आला.

वर्गणीचेही तसेच. पोर्ट ओ बास्क ह्या दहा हजार वस्तीच्या गावाने दहा हजारांहून अधिक डॉलर दिले. उलट क्वेबेक प्रांतात फ्रेंच भाषा न आल्यामुळे लोकांना आपला हेतू सांगणेच कठीण झाले, आणि मोटारवाल्यांनी त्यास कित्येकदा रस्त्याखाली उतरविले. ऑन्टारिओ प्रांतात मात्र वाजंत्री लावून स्वागत झाले. टोरोंटो शहरी एका दिवसात एक लाख डॉलर जमले.

१ सप्टेंबर रोजी थंडर बे नगराजवळ त्यास खोकल्याची उबळ आली व छातीत कळ निघाली. रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे होते. त्यांच्यासमोर थांबणे त्याच्या जिवावर आले असावे. तो आणखी काही मैल तसाच धावला, आणि मग डगला त्याने गाडी रुग्णालयाकडे घेण्यास सांगितले. कर्करोग फुप्फुसांत पोहोचला होता. १४३ दिवसांत ३,३३९ मैल झाले होते. पॅसिफिक अद्याप दूर होता.

कॅनडातील प्रत्येक माणसामागे एक डॉलर मिळावा, अशी त्याची इच्छा होती. १९८१ च्या फेब्रुवारीपर्यंत २ कोटी ४१ लाखांहून अधिक डॉलर जमले, आणि देशाची लोकसंख्या तेवढीच होती. २८ जून १९८१ रोजी टेरी वारला. त्याच सप्टेंबरात त्याच्या नावाने पहिली दौड झाली, तीत तीन लाख लोक धावले. ही दौड पुढे अनेक देशांत पसरली. तीत पहिला कोण व शेवटचा कोण, हे कोणी मोजत नाही.