कर्नल मेडोज टेलर : नळदुर्गचे प्रशासक आणि कादंबरीकार

फिलिप मेडोज टेलर यांचा जन्म 1808 मध्ये लिव्हरपूल येथे झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी ते मुंबईस एका व्यापाऱ्याच्या पेढीवर नोकरीसाठी आले. तेथील आशा फोल ठरल्यावर त्यांनी हैदराबादच्या निजामाच्या फौजेत प्रवेश केला. विद्यापीठीय शिक्षण आणि कंपनीची सनदी नोकरी या दोन्हींपासून वंचित असलेल्या या तरुणाने भाषा, कायदा, भूमापन व भूगर्भशास्त्र या विद्या स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केल्या.

लष्करातून त्यांची नेमणूक पोलीस खात्यात झाली आणि तुळजापूरच्या परिसराशी त्यांचा परिचय झाला. ठगांच्या गुन्ह्यांचा माग ते काढू लागले होते. परंतु शोध पूर्ण होण्यापूर्वीच त्यांना पलटणीत परत बोलावण्यात आले. पुढे ठगांचे जबाब नोंदवण्याचे काम त्यांनी केले. याच अनुभवावर आधारलेली त्यांची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी 1839 मध्ये प्रसिद्ध झाली व इंग्लंडमध्ये गाजली.

1841 पासून सुमारे बारा वर्षे त्यांनी सुरपूर संस्थानाचा कारभार पाहिला. 1853 च्या तहानुसार निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग हे प्रदेश कंपनीकडे सोपवले. तेव्हा नळदुर्ग जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या धाराशिव परिसराचा, कारभार टेलर यांच्याकडे आला. जमिनीची मोजणी, महसुलाची घडी आणि रस्ते यांकडे त्यांनी लक्ष दिले. 1857 च्या उठावाच्या काळात त्यांना वऱ्हाडात पाठवण्यात आले. हाताशी सैन्य नसतानाही त्यांनी तेथे शांतता राखली. त्यामागे लोकांची भाषा व रीतिरिवाज यांची जाण हेच त्यांचे मुख्य बळ होते.

1860 मध्ये ते प्रकृतीच्या कारणाने निवृत्त झाले. 1863 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'तारा' या कादंबरीची नायिका तुळजापूरच्या एका शास्त्र्याची बालविधवा कन्या आहे. कथानकाचा काळ 1657 चा असून शिवाजी महाराज आणि विजापूर दरबार यांच्या संघर्षाची पार्श्वभूमी त्यास लाभली आहे. अशा रीतीने तुळजापूर इंग्रजी कादंबरीत अवतरले. 1876 मध्ये फ्रान्समधील मांतों येथे टेलर यांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र मृत्यूनंतर प्रकाशित झाले.

टेलर यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना दोन बाजू ध्यानात घ्याव्या लागतात. येथील जनतेविषयी त्यांना आस्था होती. तथापि त्यांचे ज्ञान परकीय सत्तेच्याच उपयोगी पडत होते. ठगांविषयीच्या त्यांच्या चित्रणामुळे भारताची एक भयावह प्रतिमाही युरोपात रूढ झाली. त्याच लेखणीने तुळजापूरच्या एका विधवेला मात्र नायिकेचे स्थान दिले. या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्यासच त्यांच्या जीवनाचा यथार्थ बोध होतो.